कोम्पाद्रेला हात लावत नाहीत

डोन्या देल्फिनाला पोटचं पोर नव्हतं, पण निम्मं सिरुएलो गाव तिला माद्रिना म्हणायचं. माद्रिना म्हणजे धर्माची आई, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला कडेवर घेऊन चर्चमधल्या पाण्याशी उभी राहते ती. कुणाकडे पाळणा हलला की आठवड्याभरात आईबाप तिच्या दारात येऊन घोटाळायचे, पावसापाण्याच्या गप्पा मारायचे आणि शेवटी मुद्द्यावर यायचे. ती आधी खोटं खोटं रागवायची. "मला काय शाळा काढायची आहे? जा, दुसरी कुणी बघा!" मग चष्मा शोधायची आणि शिलाई मशीनशी बसून बाळाचं पांढरं झबलं बेतायला घ्यायची. कापड तिचं, लेस तिची, आणि पुढे पोर तापाने फणफणलं की उशाशी बसणंही तिचंच. बाप्तिस्म्याला नाही म्हणायचं नसतं हे तिला आईने सांगितलं होतं, आईला आजीने. त्यावर प्रश्न विचारायचा असतो हे तिघींपैकी कुणाच्याच डोक्यात कधी आलं नाही.

आणि खरी गाठ पडते ती मोठ्या माणसांची. बाळाचा बाप आणि बाळाचा धर्मपिता हे त्या दिवसापासून एकमेकांचे कोम्पाद्रे होतात. सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडतील, पण कोम्पाद्रेवर कुणी हात उचलत नाही. देल्फिनाच्या लहानपणी एकाने नशेत कोम्पाद्रेच्या कानाखाली वाजवली होती. पुढे त्याचा तो हात वाळत गेला. डॉक्टर म्हणाला, लकवा आहे. डॉक्टर परगावचा होता, त्याला काय कळणार!

गाव कागदी लिंबांचं. तिएरा कालियेन्ते म्हणजे तापलेली भूमी, त्या भागात उन्हाने दगड तडकतात, पण लिंबाला ते मानवतं. खाली सगळ्या बागा, वर कोरडे डोंगर आणि डोंगरात ते लोक. ते लोक म्हणजे कोण, हे गावात कुणी नाव घेऊन सांगत नाही. पूर्वी ते वर पत्र्याच्या शेडमध्ये आपला नशेचा माल शिजवायचे, तो उत्तरेला सीमेपार जायचा आणि गावाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मग एक दिवस त्यांना लिंबं दिसली. आधी प्रत्येक क्रेटमागे हिस्सा मागितला, तो लोकांनी दिला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं म्हणत दिला. मग त्यांनी तोडणी कोणत्या वारी करायची आणि फळ कुणाला घालायचं, तेही ठरवायला सुरुवात केली. झाडं आपली, काटे आपल्या हाताला, आणि तोडणीचा वार दुसऱ्याने सांगायचा. हे मात्र लोकांना फार लागलं.

तसं उघड बोलला तो ओदिलोन. देल्फिनाचा धर्मपुत्र, तिच्या कुंपणापलीकडचा बागायतदार, जन्माचा बोलघेवडा. बागायतदारांच्या बैठकीत उभा राहून म्हणाला, "सडू द्या लिंबं झाडाखाली. खत तरी होईल. त्यांना दिली तर खतही नाही!" लोक हसले, आणि हसता हसता त्यांची भीती थोडी गेली. तोडणी बंद पडली. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर वाळूची पोती रचून पहारा बसला. जुन्या शिकारीच्या बंदुका बाहेर निघाल्या. पहाऱ्याचा म्होरक्या झाला इलारिओ, ट्रॅक्टर चालवणारा, कमी बोलणारा माणूस.

पलीकडच्या गावात असाच एक बोलका माणूस होता. तो कालव्यात सापडला, तोंडात लिंबं कोंबलेली. ते ऐकल्यापासून देल्फिना रात्री दोनदा उठून कुंपणापलीकडे ओदिलोनच्या घराकडे बघून यायची. आता पाळी ओदिलोनची, हे ती जाणून होती, गावही जाणून होतं आणि खुद्द ओदिलोनही. फरक इतकाच की तो त्यावर विनोद करायचा. "माझ्या तोंडात लिंबं मावायची नाहीत, माद्रिना. आत आधीच जीभ फार मोठी आहे."

ते लोक परके असते तर ती नुसती देवापुढे बसून रडली असती. पण त्यांचा या भागातला सगळा कारभार बघायचा निकानोर, आणि निकानोरही तिचाच धर्मपुत्र. त्याची आई त्याला आजीपाशी टाकून कामाला उत्तरेला गेली ती गेलीच. पोर जेवायला असायचं देल्फिनाच्या स्वयंपाकघरात, ओदिलोनच्या मांडीला मांडी लावून. दोघांनी एका ताटातल्या घेवड्यावरून मारामाऱ्या केल्या होत्या. पुढे एक बागेत गेला, एक डोंगरात.

त्या महिन्यात ती दोरा आणायला तालुक्याच्या गावी गेली, तर कापडाच्या दुकानात निकानोर आत आला. बरोबरची दोन माणसं दाराशी थांबली. दुकानदाराने निकानोरला बघितलं आणि समोरच पडलेला दोरा शोधायला तो आतल्या खोलीत निघून गेला.

"माद्रिना, मुलगी झाली मला," निकानोर म्हणाला. चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "झबलं तुम्हीच शिवणार ना?"

"विचारतोस काय? तुझं मी शिवलं, तुझ्या पोरीचं काय तुझी सासू शिवणार? आणि बाळाची माद्रिना कोण?"

"बायकोची बहीण. धर्मपिता अजून ठरला नाही. म्हणजे व्हायला सगळेच तयार आहेत," तो हसला. "नाही कोण म्हणेल मला?"

देल्फिनाच्या हातात लेस होती. तिथे, त्या लेसच्या रिळाशी उभी असतानाच तिला ते सुचलं, आणि सुचल्याबरोबर इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला.

"ओदिलोनला कर."

निकानोरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "भर बैठकीत माझ्या नावाने बोंबलतो, तोच ना?"

"तोच. तुझ्या ताटातला."

"त्याला विचारलंत?"

"त्याचं मी बघते. तू तुझं सांग."

"म्हणजे मग मी त्याला हात लावायचा नाही, असंच ना?"

"लावायचा नाही काय? लावताच यायचा नाही तुला. कोम्पाद्रे होईल तो तुझा."

निकानोरने लेसचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला. "तुमचं डोकं अजून तल्लख आहे, माद्रिना. तुम्ही म्हणाल तसं."

इतक्या लवकर तो हो म्हणाला, याचं तिला नवल वाटायला हवं होतं. पण हवं ते मिळालं की माणूस तपासून कुठे घेतो! घरी येताना बसमध्ये ती गुणगुणत होती.

ओदिलोन मात्र ऐकेना. त्याच्या बागेत लिंबं पिवळी पडून खाली सडली होती, आंबूस वास सुटला होता. त्यात उभा राहून तो ओरडला, "त्याचा कोम्पाद्रे? मी? अहो, मी रोज त्याच्या आईवरून शिव्या देतो!"

"त्याची आई तशीही इथे नाही. आणि बाप्तिस्मा त्याचा नाही, लेकराचा आहे. त्या लेकराने तुझं काय घोडं मारलं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक तुझ्या मयतीला चांगलंच बोलतील, ते हवंय का तुला? चायो, तू सांग याला."

चायो, ओदिलोनची बायको, कपडे वाळत घालत होती. हातातला ओला शर्ट, ओदिलोनचा, तिने छातीशी धरला आणि ती तशीच उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"बरं. पण इलारिओला आधी सांगतो."

"आधी नको," देल्फिना म्हणाली. "तो चार जणांना विचारेल, चार जण चाळीस फाटे फोडतील. होऊन जाऊ दे. मग सांग, कर्तव्य होतं म्हणून."

तिचं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होती. ऐकलं त्याने.

बाप्तिस्मा तालुक्याच्या चर्चमध्ये झाला. बाहेर काळ्या काचांच्या गाड्या, आत फुलंच फुलं. पाद्रीबाबांनी मान वर न करता घाईने पाणी ओतलं. बाळ मात्र शांत. ओदिलोनने तिला उचलून घेतलं तेव्हा तिने त्याचं बोट धरलं, आणि तो नको नको म्हणत आलेला माणूस विरघळला. देल्फिनाने ते बघितलं आणि मनात म्हणाली, झालं. पडली गाठ. आता देवसुद्धा सोडवू शकत नाही.

चर्चबाहेर पोरं जमलीच होती. धर्मपित्याने चिल्लर उधळायची असते, ती मिळाली नाही तर पोरं त्याच्या नावाने ओरडत त्याची लाज काढतात. ओदिलोनने खिशातून आणलेली नाणी दोन मुठींत संपली. पोरं ओरडायला लागली. तेवढ्यात निकानोरने मागून एक जड पिशवी त्याच्या हातात ठेवली. "उधळ, कोम्पाद्रे. आज हात आखडू नकोस." आणि ओदिलोन हसत हसत उधळत राहिला, निकानोरचा हात त्याच्या खांद्यावर. समोर कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं.

जेवणाच्या वेळी निकानोरने भर मांडवात त्याला मिठी मारली. "तू मला कितीही शिव्या दे. आता मी तुझं काही करू शकत नाही. ऐका रे सगळ्यांनी, हा माझा कोम्पाद्रे आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देल्फिनानेही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

आणि निकानोरने शब्द पाळला. तिथेच तर सगळं फसलं.

तोडणी बंद ठेवून किती दिवस चालणार? घरातलं संपत आलं तेव्हा बागायतदारांनी ठरवलं की आता लिंबं मागच्या डोंगरवाटेने लांबच्या बाजारात न्यायची. ट्रक निघाले. वाटेत त्या लोकांनी ते अडवले, क्रेट उलटे केले, लिंबांवरून गाड्या फिरवल्या, दोन ड्रायव्हरांची हाडं मोडली. फक्त ओदिलोनच्या ट्रकला कुणी बोट लावलं नाही. उलट ड्रायव्हरला थंड पाण्याची बाटली दिली आणि निरोप दिला, "कोम्पाद्रेंना आमचा सलाम सांगा."

ओदिलोनने आपलं फळ विकून आलेलं सगळं मार खाल्लेल्यांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी घेतलं नाही. चर्चबाहेरचा तो व्हिडिओ तोवर गावात प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला होता. पोरं शाळेत "उधळ, कोम्पाद्रे!" असं ओरडत खेळायला लागली. बैठकीत ओदिलोन उभा राहिला की लोक खाली बघायचे. त्याने विनोद केला तर कुणी हसायचं नाही, आणि विनोदावर कुणी हसेना म्हणजे त्याचं काय उरलं होतं!

एका दुपारी इलारिओ देल्फिनाकडे आला. टोपी हातात घेऊन उंबऱ्याशीच उभा राहिला. तिने बस म्हटलं तरी बसला नाही.

"माद्रिना, एक विचारू? चौघांनी पाठवलंय. आम्हाला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही."

"विचार की. एवढं काय?"

"कोम्पाद्रे कोम्पाद्रेला दगा देत नाही. हे खरं की खोटं?"

"खरं," देल्फिना म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही. हे उत्तर ती जन्मभर देत आली होती.

"म्हणजे निकानोर कधी त्याच्यावर उलटणार नाही."

"नाही उलटायचा. मी शब्द घेतलाय."

"आणि ओदिलोनही निकानोरवर उलटणार नाही." इलारिओने टोपी डोक्यावर घातली. "मग तो आमच्या पहाऱ्यावर उभा राहून काय करतो, माद्रिना?"

ती उठली. "अरे, तो तुमचा आहे! तुमच्यासाठी त्याने..."

"तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे," इलारिओ म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

तेव्हा तिला कळलं. गाठ तिला एकाच बाजूने दिसली होती. ती दोन्ही बाजूंनी आवळते हे, इतकी वर्षं त्याच गाठी मारणाऱ्या बाईला दिसलं नव्हतं. ती तशीच अनवाणी कुंपणापलीकडे धावली.

"नीघ. आत्ता नीघ. चायोला घे आणि तिच्या बहिणीकडे जा."

ओदिलोन आपल्या बागेत पाण्याचे पाट साफ करत होता. "कुणाला भिऊन? निकानोर तर कोम्पाद्रे झाला."

"निकानोर नाही रे. आपलीच माणसं."

त्याने फावडं खाली ठेवलं. मग हसला, पण ते त्याचं नेहमीचं हसू नव्हतं. "आपल्या माणसांना भिऊन पळालो, तर ते म्हणतात ते खरंच ठरेल की. उद्या सकाळी पहाऱ्यावर माझी पाळी आहे. जातो, उभा राहतो, बोलतो त्यांच्याशी. बोलायला मला कधी अडलंय?"

ती त्याच्या पाया पडली. धर्माची आई पोराच्या पाया पडली. त्याने तिला उठवलं, तिच्या पायाचे काटे काढून दिले आणि घरी आणून सोडलं.

सकाळी पहाऱ्याच्या बाजूने एकच बार ऐकू आला. बंदूक साफ करताना सुटली, असं सांगत आले. कुणाची बंदूक, ते कुणी सांगितलं नाही.

ओदिलोनच्या मयतीच्या दिवशी रस्त्यावर पहारा नव्हता. पोत्यांपाशी एकही माणूस थांबला नव्हता, आणि निकानोरच्या गाड्या सरळ गावात आल्या. इतके महिने त्यांना जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी आपोआप झालं. कोम्पाद्रेचा मानच तो, पहिला खांदा निकानोरने दिला. तो रडत होता, हमसून हमसून. ते रडणं खोटं नव्हतं, आणि देल्फिनाला त्याचीच जास्त भीती वाटली. इलारिओ आणि पहाऱ्यावरची माणसं राहायची त्या वरच्या आळीतली दारं सगळी बंद होती.

माती लोटून झाल्यावर तो तिच्याजवळ आला. "कुणी मारलं, माद्रिना?"

"मी."

"असं बोलू नका."

"मीच मारलं. गाठ मी बांधली. काय करायचं ते माझं कर."

"गाठ मी पाळली," निकानोर म्हणाला. "त्याच्या केसाला धक्का लावला का मी? सांगा ना. लावला?"

"नाही."

"त्यांनी मारला. आता माझ्या कोम्पाद्रेचं रक्त सांडलंय, आणि मी हात बांधून बसलो तर मी कसला कोम्पाद्रे? तुम्हीच सांगा, तुम्हीच शिकवलंत."

गावात शिरायला त्याला निमित्त हवं होतं, आणि ते तिने पांढऱ्या झबल्यासकट त्याच्या हातात दिलं होतं. ते त्याने त्या दिवशी कापडाच्या दुकानातच ओळखलं होतं, का तेव्हा त्याला खरोखरच एक कोम्पाद्रे हवा होता, हे तिला कळेना. कदाचित दोन्ही खरं असेल.

"नावं मी सांगणार नाही," ती म्हणाली.

"नकोत. खांदा द्यायला कोण आलं नाही ते बघत होतो मी." त्याने डोळे पुसले. "तुम्ही माझ्या गाडीत बसा. संध्याकाळी या गावात थांबू नका."

ती गाडीत बसली नाही. चायोची गाठोडी बांधून तिला बहिणीच्या गावच्या टेम्पोत बसवलं आणि मग एकटी चढण चढून वरच्या आळीला निघाली. चालताना तिला इलारिओचा असा तिरस्कार वाटत होता की ती दातओठ खात होती. जळू देत, असं तिच्या मनात आलं. एकदा नाही, प्रत्येक पावलाला आलं. जळू देत सगळे. माझं पोर मारलं त्यांनी. तरी पाय थांबले नाहीत आणि तिने इलारिओचं दार ठोठावलं.

त्यानेच उघडलं. हातात बंदूक होती. मागे त्याची बायको धाकट्याला काखेत घेऊन उभी.

"पोरांना घे आणि नीघ," देल्फिना म्हणाली. "आळीतल्या सगळ्यांना सांग. मागच्या वाटेने जा. आज येतोय तो."

इलारिओने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "माद्रिना, आम्हाला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला ऐकायचं नाही. कधीच नाही. नीघ म्हटलं ना!"

बायकोने आत धाव घेतली. भांडी पडल्याचे आवाज आले, मोठी मुलगी रडायला लागली. बंदूक भिंतीला टेकवून इलारिओ आत गेला, परत बाहेर आला. "आणि तुम्ही?"

"एक खुर्ची दे बाहेर."

त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दिली. तिने ती ओढत नेली आणि आळीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध ठेवली. बसली. शाल नीट केली. मागून दारं उघडल्याचे, लहानग्यांना दटावल्याचे, डोंगराच्या वाटेने धावणाऱ्या पायांचे आवाज येत होते आणि हळूहळू कमी होत होते. समोर खाली, लिंबांच्या बागांमधून धूळ वर येत होती. पहिली गाडी वळणावर दिसली तेव्हा तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. चालवणारा निकानोर आहे की दुसरा कुणी, हे तिला एवढ्या लांबून दिसत नव्हतं.